हीटरचा दिवा विझेपर्यंत

सकाळी सहाला किल्ली अर्धीच फिरवायची.
गुंडाळलेल्या तारेचं चित्र असलेला
पिवळा दिवा लागतो.
तो विझेपर्यंत थांबायचं, मगच सेल्फ मारायचा.
थंडीत मी अकरापर्यंत मोजते.
ज्यानं हे थांबणं केलं नाही
त्याला आमची माणसं समजावून सांगता येत नाहीत.

मी कागलच्या शाळेत गणित शिकवते.
गाडी अठ्ठ्याण्णवची. देह इथला, इंजिन फ्रान्सचं.
कंपनीनं मोजक्या काढल्या आणि हात झटकले.
शोरूममधला पोरगा म्हणाला,
"मॅडम, झेनमध्ये डिझेल? असलं नसतंय."
मी बॉनेट उघडून दाखवलं.
त्यानं फोटो काढला
आणि पार्ट नाही म्हणाला.

उद्यमनगरात गल्ली विचारत गेले.
दस्तगीर शिकलगार लेथवरून मान वर न करता बोलला,
"एक हीटर मेलाय. वळणावरनंच ऐकू आलं."
मग चहा सांगितला, तेलकट वही काढली,
"आजऱ्याचे बारदेस्कर. त्यांच्याकडं दोन हायत."

त्या दिवसापर्यंत मला वाटायचं
गाडी माझी एकटीची आहे.

हीटर एसटीच्या कंडक्टरकडून आला,
काजूच्या पिशवीत, थोड्या काजूंसकट.
पैसे नकोत म्हणाले बारदेस्कर.
फक्त जुना टाकू नका,
उद्या कुणाला माप घ्यायला लागेल.
तेव्हापासून माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली,
चिरलेलं गॅस्केट आहे, वाकलेला व्हॉल्व्ह आहे,
आणि नवरा विचारतो, हे कुणाचं?
आमचं, म्हणते मी.

पासिंगला नऊजण एकाच दिवशी गेलो.
टेंबलाईच्या उताराला नऊ गाड्यांची धडधड,
निपाणीचा शिंत्रे सगळ्यात पुढं, हॉर्न बंद पडलेला,
खिडकीतून हात काढून "हो हो" ओरडत.
साहेबांनी एकीच्या धुराकडं बघून कपाळाला आठ्या घातल्या,
तर आठजण पाना घेऊन वाकले.

आणि शिरोलीचे जिन्नाप्पा मगदूम.
फौंड्रीत पॅटर्न करायचे, आता रिटायर.
दिवस मावळायच्या आत जेवत,
त्यामुळं रात्रभर फोनवर मोकळे.
निढोरीच्या अलीकडं, उसाच्या मधोमध, गाडी गप्प झाली,
ते म्हणाले, "ताई, घाबरू नका. फोन बॉनेटजवळ धरा.
सेल्फ मारा.
हं. हवा धरलीया. फिल्टरवरचं बटन दाबा.
अजून. अजून. कडक लागतंय का बोटाला?
मारा आता."
घरी पोचेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही.
बोललेही नाहीत काही.
दोन्ही बाजूंनी नुसतं इंजिन.

भाद्रपदात मगदूम गेले.
महिन्यानं सोनाक्कांचा निरोप आला,
भंगारवाला अठरा हजार म्हणतोय,
तुम्हीच न्या, कायबी देऊ नका.
आम्ही पाने घेऊन अंगणात उभे राहिलो,
कुणालाच पहिला बोल्ट हलवता येईना.
त्या म्हणाल्या, "आधी एकदा सुरू करून दावा."

पिवळा दिवा. आम्ही सगळे मनात मोजत होतो.
लागली, पहिल्याच झटक्यात.
सोनाक्का दारात पदर धरून ऐकत राहिल्या,
हातातलं भांडं थरथरत होतं, बहुतेक कंपनानं.
"हं," म्हणाल्या. "करा बंद."

डोकं आजऱ्याला गेलं, गिअरबॉक्स शिंत्रेकडं.
पाठीमागची काच जयसिंगपूरच्या डॉक्टरीणबाईंना,
तिच्यावरच्या बाहुबलीच्या स्टिकरसकट.
पंप मला मिळाला.
किल्ली त्यांनी मागून घेतली.

आज उद्यमनगरातनं जाताना दस्तगीर बाहेर आला.
"आवाज बदललाय, ताई."
म्हटलं, पंप मगदुमांचा.
तो आत गेला, लेथ बंद करून परत आला,
फडक्यानं उगाचच हात पुसत राहिला.
मी किल्लीकडं हात नेला
तर म्हणाला,
"नको. असू दे जरा वेळ."