आगशीच्या मानशीवर

ओहोटी लागायला अजून वीसेक मिनिटं.
कायतान जाळं तपासतो, एकेक गाठ.
मी बांधावर बसून कागदाची घडी उलगडतो:
एक त्रिकोण, बाहेर तीन शेपट्या,
आणि एक संकलन, जे चार महिने
ऊर्जेच्या एकाच आकड्यावर फुटतं आहे.

वाट वळवता येते, असं शिकवतात.
समोर ध्रुव आला तर बगल द्यायची,
हा बांध जातो ना त्या तिवराला वळसा घालून, तशी.
पण दोन्हीकडून दोन ध्रुव सरकत आले
आणि वाट मधोमध सापडली
कुर्लीच्या नांगीत,
तर वळवणार कुठे?

"ऐक," कायतान म्हणतो.
मानशीचं लाकडी दार. आतून शेताचं पाणी, बाहेरून जुवारी,
रेटा सारखाच. दार ना उघडं, ना बंद.
नुसतं थरथरतं.

मी त्याला त्रिकोण दाखवतो. सांगतो,
आतल्या रेघांवरचे कण उसने असतात,
हिशेबात येतात, जगात नाही.
एखाद्याच आकड्यावर ते खरोखर चालू शकतात:
एक आधी सुटतो, दुसरा मागून निघतो
आणि त्याला गाठतो.
तिथे उत्तर फुटतं.

तो बराच वेळ रेघांकडे बघतो.
पूल नव्हता तेव्हा, म्हणतो,
सांतान कुठ्ठाळीच्या फेरीबोटीत बसून निघून गेली.
भांडण बांगड्यांवरून. हातातल्या नव्हे, कालवणातल्या.
मी उशिरा निघालो.
पण फेरीबोटीचं इंजिन धापा टाकत होतं,
होडी हलकी, पाणी माझ्या बाजूचं.
नदीच्या मध्यावर गाठली.
यातलं एक जरी कमी पडतं, तर.

मग काय बोललास?
तो जाळ्यातलं शेवाळ काढत राहतो.

मी भाड्यानं राहतो त्या खोलीत
सांतानचं शिवणयंत्र आहे. त्यावर मी वह्या ठेवतो.
एक गोष्ट मी कायतानला सांगितलेली नाही:
प्रयोगात ते टोक कधी अनंताला पोचत नाही.
आतला कण अल्पायुषी असतो,
तेवढ्यानं टोक बोथट होतं.
उरतो एक उंचवटा,
मोजता येईल एवढा.

खाड्.
दार सुटलं. पाणी धावलं.
"धर!" तो ओरडतो, दोरीचं एक टोक माझ्याकडे फेकतो,
आणि खिशात जाण्याआधीच
कागद भिजतो.