बेचाळीस

अंबडच्या शीतगृहाला दोन दारं.
एका दाराशी बोरस्तेकाका, दुसऱ्याशी शकील,
दोघांच्या हातात एकेक टॅब.
दोघांनी एकाच क्षणी विचारलं, किती झाले?
उत्तर आलं: एक्केचाळीस.
दोघांनी आपापला एक क्रेट मिळवला,
दोघांनी लिहिलं: बेचाळीस.
खोटं कुणीच बोललं नाही.
थॉमसनचा एक क्रेट तेवढा
कुठल्याच आकड्यात मावला नाही.

मला सातपूरला फोन आला तेव्हा साडेअकरा वाजले होते.
कोडच्या तीनच ओळी:
वाच. मिळव. लिही.
मधे फट, दाराखालून मुंगी जाईल एवढी.
क्रेट तिथून गेला.

काका म्हणाले, पूर्वी भिंतीवर पाटी होती
आणि खडू एकच.
ज्याच्या हातात खडू, त्यानंच बघायचं,
पुसायचं, लिहायचं.
दुसरा तंबाखू मळत थांबायचा.
एवढंच करून दे ना तुझ्या मशीनमधे.

एवढंच.
पण माझ्या एका शब्दाखाली, 'वाढव', पाच घरं आहेत
आणि प्रत्येकाची रीत निराळी.
रेडिसला नुसतं सांगायचं;
तो आतच वाढवतो, आकडा उंबरा ओलांडत नाही.
मेमकॅश्डकडून आकड्यासोबत एक खूण घेतली:
परतताना ती जुळली तर लिहून घेतो,
नाही तर जा, पुन्हा वाचून ये.
फाईलला कुलूप लागतं,
आणि कुलूप लावून झोपी गेलेल्याचं काय करायचं
हेही आधीच ठरवावं लागतं.
प्रोसेसमधल्या मेमरीचं तर विचारूच नका,
चार कामगार, चौघांच्या खिशात
चार वेगवेगळ्या पाट्या.
आणि पाचवं, ते चाचणीसाठीचं नकली घर,
सगळ्याला हो म्हणतं,
काहीच लक्षात ठेवत नाही.

दोन वाजता मी पळवाट काढली.
ज्याला जमत नाही त्याच्यासाठी
गुपचूप जुन्याच तीन ओळी:
वाच, मिळव, लिही.
सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या.

सकाळी मंदाकिनी पगारनं स्क्रीनवर बोट ठेवलं.
'नाव सारखं ठेवलंस.
वचन सारखं आहे का?'

मी त्या ओळी पुसल्या.
त्या जागी लिहिलं:
हे मला जमत नाही.
तसं जो म्हणेल, त्याच्याकडे मोजणी द्यायची नाही.

मग हजार हात एकदम सोडले एका आकड्यावर.
रेडिस, हजार.
मेमकॅश्ड, हजार, जरा धापा टाकत.
फाईल, नऊशे सत्त्याण्णव.
म्हणजे अजून तीन क्रेट
माझ्याकडून येणं आहे.

दुपारी अंबडला गेले.
काकांनी थंडीत कानटोपी घालून
थप्पी हातानं मोजली होती,
भिंतीवर खडूच्या रेघा, पाच-पाचाच्या जुड्या.
त्रेचाळीस.
क्रेट कुठेच गेला नव्हता.
थंडीत बसून होता बिचारा,
कुणीतरी आपल्याला मोजेल म्हणून.