हलक्या कानाची

पार्सल शेजारच्या ऑलरनशॉबाईंनी घेऊन ठेवलं होतं.
"फारच हलकं आहे," म्हणाल्या, "आत काही आहे ना नक्की?"
आहे.
तीन शनिवारच्या जादा पाळ्या आहेत,
रक्ताच्या नळ्यांवर चिकटवलेली नऊशे नावं आहेत.
लॅबमधला ग्लेन म्हणाला घे, घेतले.
हलक्या कानाची म्हणतात ती मीच.

चढवले.
दोन्ही बाजूंना चहाच्या गाळणीसारखी जाळी,
आत मखमल,
वायर मात्र एवढी लांब की म्हैस बांधावी.
मला यातलं कळत काहीच नाही.
मी आपली कांदा चिरताना ऐकणारी,
सम आली की नाही ते
दुसऱ्यांच्या मानेकडे बघून ठरवणारी.

तर पहिलं मत, अडाणी माणसाचं:
दणका नाही.
जुन्यांत तबला कपाळाच्या आत बसून वाजायचा,
इथे तो उठून खिडकीपाशी गेलाय.
गाणारी तिकडे, फ्रीजच्या जरा अलीकडे.
आणि मध्ये जागा. केवढी जागा!
या खोलीत,
जिथे इस्त्रीचं टेबल उघडलं की दार उघडत नाही.

हेरंब म्हणाला, "तुझ्या डोक्यातून
मुंग्यांचं भजनी मंडळ चाललंय."
म्हणाला, आणि मला ऐकू आलं.
जुने घालून बसले की तो काहीबाही बोलायचा,
मी नुसती मान हलवायचे.
कशाकशाला हो म्हटलंय देव जाणे.
एकदा तर त्याच्या आत्याच्या तीन महिन्यांच्या मुक्कामाला.

आता सगळंच आत येतं.
बॉयलरचं कण्हणं,
क्रुक्सच्या चढावर बस गिअर बदलते ते,
वरच्या खोलीत ईरा
यॉर्कशायरी हेल काढून सातचा पाढा म्हणते ते,
सात आठे चुकते ते,
पलीकडे ऑलरनशॉबाईंचा खोकला.
भिंतीला कान असतात हे ऐकून होते,
कानांना भिंत नसली की असं होतं.

मग रमाकांतकाकांची ती फाइल लावली.
मिरज, सत्त्याऐंशी साल, कुणाच्या तरी माडीवरची बैठक,
कॅसेटवरून उतरवलेली,
गाणाऱ्या बाईंचं नाव लेबलावर ओल लागून गेलेलं.
शंभरदा ऐकली असेल.
पण पानाच्या डब्याचं झाकण कधी ऐकलं नव्हतं,
तानेआधी बाईंनी नाकाने ओढलेला श्वास,
आणि मागे कोपऱ्यात
मात्रा मोजणाऱ्या कुणाच्या तरी बांगड्या,
निम्म्या वेळा चुकीच्या.
माझ्यासारखी एक तिथेही होती म्हणजे.

विलंबित संपत आलं,
आणि दारावर थाप. दोनदा.

हेडफोन गळ्यात, वायर मागे फरफटत,
दार उघडलं.
कुणी नाही.
उद्या कचऱ्याचा दिवस, ओळीने उभे निळे डबे,
दिव्याखाली भुरभुरतं धुकं,
आणि उताराखाली पसरलेलं शेफील्ड,
एवढ्या सगळ्या उजेडात माणूस एकही नाही.

"काय गं?"
"कुणीतरी आलं."
"मला नाही ऐकू आलं."
"दार लाव, गारठा येतोय," असंही म्हणाला.
तेही ऐकू आलं.

परत बसले. थोडं मागे नेलं.
थाप. दोनदा. मग कडी.
जिन्याच्या तोंडाशी चपला काढल्याचा आवाज.
तेव्हाही उशीरच झाला होता त्या माणसाला.
बाई थांबत नाहीत,
तंबोरा थांबत नाही,
फक्त कुणीतरी अगदी हळू म्हणतं,
"या, या. सरका रे जरा."

मी सोफ्यावर सरकले.