शनाभाई, सहा

आमची भाषा फार वरची आहे,
इतकी वरची की तिला जिनेच नाहीत.
"थकबाकीदार गिऱ्हाइकं दे", एवढंच लिहायचं.
आधी चाळायचं की आधी लावायचं,
कुणासाठी किती जागा धरायची
ते खालच्यांनी बघायचं.
खालचे म्हणजे मी.

बडोदं, दांडिया बाजार,
मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावरचा दुसरा मजला.
इथे मी कंपायलर लिहिते.
लूपच्या पोटात दर फेरीला तेच उगाळणारं वाक्य
उचलून उंबऱ्याबाहेर ठेवते.
जे पुढे कुणी वाचणारच नाही
ते मोजू देत नाही.

चार वाजता दिघे खिडकीतून ओरडतात,
"शनाभाई, सहा!"
बस्स, एवढाच प्रोग्राम.
शनाभाई कधी काही विचारत नाही.
पारुलचा आल्याचा, शिर्क्यांचा अर्धा,
मांकड रजेवर, तरी सहाच, कारण वॉचमन.
दिघ्यांचा मोळा. बिनसाखरेच्याला इथे मोळा म्हणतात.
माझाही मोळाच.
नऊ वर्षांपूर्वी माझं लग्न ठरत होतं
तेव्हा एकदा म्हटलं होतं, साखर नको.
लग्न ठरलं नाही.
चहा ठरला.

खरं तर मी त्याचीच नक्कल केली आहे:
शंभरदा पूर्णांकच आला
तर एकशेएकाव्यांदा विचारू नकोस,
सरळ बेरीज कर.
फक्त दारात एक पहारेकरी बसव.
अंदाज चुकला की जवळची वाट सोडायची,
सगळी नावं, सगळ्या किमती
न सांडता हातात घ्यायच्या
आणि मूळ लांबच्या वाटेवर यायचं,
जिथे प्रत्येक गोष्ट विचारून करतात.
पळणं मी तीन आठवड्यांत लिहिलं.
हे परत येणं लिहायला सात महिने गेले,
अजून त्यात कुठेतरी एक किंमत गळते.

आज म्हटलं, "शनाभाई, माझ्यात साखर घाला."

त्याचा कप धरलेला हात तिथेच राहिला.
माझ्याकडे बघितलं, कपाकडे बघितलं.
मग ट्रे फायलींवर टेकवून
पहिल्या दिवशी आल्यासारखा
एकेकाकडे वळला.
"पारुलबेन, तमारी?"
"शिर्केसाहेब, अर्धाच ना?"
"दिघेकाका, तुमचा?"

दिघे तोंड उघडून बसले.
चौदा वर्षं मोळा पिणारा माणूस
विचार करत होता.
खाली कुणाची तरी मोटार लावून बघितली,
थोडी घरघरली,
बंद झाली.
दिघे अजून विचारच करत होते.