सेकंदाला दोन थेंब

मोप्याहून खोका आला तेव्हा संध्याकाळचे सात.
थर्माकोलवर लाल बाण: ही बाजू वर.
रिक्षावाल्या बस्त्यांवने तो आडवाच आणलेला.

आत तीन पिशव्या, तीन समुद्रफुलं.
फुलं कसली,
पिळून टाकलेल्या कानटोप्या,
पांढुरकी, पाय आखडलेली,
छत्तीस तास अंधारात
आपलंच शिळं पाणी पीत आलेली.

गौरेशने जहाजावरून बजावलं होतं:
आई, घाई करू नको. ओतू नको. बोट लावू नको.
पिशवीतलं पाणी टाकीत पडता कामा नये.
आठ महिने त्याने टाकी नुसती मुरवली,
दगड, वाळू, मिठाचं पाणी, वर दिवा,
आणि जीव म्हणायला एक गोगलगाय.
मग त्याला जहाज मिळालं, आणि टाकी मला.

"भायर दर्या आसा, नि तू घरात मीठ ढवळतंस?"
कुंपणावरून गिरपांची शेवंती.
तिचं खरंच आहे. दीडशे पावलांवर वेंगुर्ल्याचा दर्या.
पण जेटीचं पाणी डिझेलचं, खाडीचं गढूळ,
आणि ही त्या दर्याची नव्हेतच.
ह्यांचं गाव कुठलं
ते खोक्यावरही लिहिलेलं नाही.

सलाईनची नळी मुदत संपलेली,
म्हणून दवाखान्यातून घरी आणता आली.
टाकी वर, बादली खाली, मध्ये नळीचं ते चाक.
एकवीस वर्षं हेच करते आहे,
अंगठ्याने चाक फिरवायचं, घड्याळ बघत मोजायचं.
सेकंदाला दोन थेंब.
बाळंतिणीला, काविळीला, फुरसं चावलेल्याला.
आज ह्यांना.
शीर शोधावी लागत नाही, एवढाच फरक.

नऊला वीज गेली.
थेंबांना वीज लागत नाही.

दहाला बादलीतलं मीठ आणि टाकीतलं मीठ
एका रेघेवर आलं.
हात कोपरापर्यंत धुतले, साबणाशिवाय.
पंपाच्या तोंडाला स्पंज बांधला,
रात्री सरपटत गेलं आणि आत ओढलं गेलं
तर सगळ्या टाकीत कीस होतो म्हणे.
दिव्यावर जुनी मच्छरदाणी दुहेरी घातली.
अंगातलं शेवाळ वाटेत सांडून आलेल्यांना
उजेडही बेताने द्यायचा असतो.
मग एकेकाला दगडाच्या खोबणीत ठेवलं
आणि खुर्ची ओढून बसले.

गेलेलं माणूस मला दारातूनच कळतं.
हे मात्र तीनदा उठून बघावं लागलं,
कारण मिटलेलं म्हणजे मेलेलं नव्हे,
हेही गौरेशनेच सांगितलेलं.
पहाटे तोंड आ वासलेलं, कडेने सुतं सुटलेली,
आणि कुजक्या तिसऱ्यांचा वास.
लगेच काढलं. एक कुजलं की
बाकीच्यांचं पाणीही विष होतं.
माडाच्या मुळात पुरलं.
माडाला मीठ चालतं.

दुसरं चालत दगडामागे गेलं
आणि तिकडेच राहिलं.
बदली मागून घेतल्यासारखं.
टॉर्च मारला नाही. ज्याची त्याची पाळी.

तिसऱ्याने सहाव्या दिवशी पाय रोवला.
नवव्या दिवशी चिमट्याने कोळंबी दिली, कणीएवढी.
घेतली. धरली. सोडून दिली.
गोगलगायीचं फावलं.

बाराव्या दिवशी गौरेशचा फोन, कुठल्याशा बंदरातून.
ड्यूटी सोपवताना सांगतात तसं सांगितलं:
एक गेलं. एक दिसत नाही. एक काल जेवलं.
बराच वेळ तिकडून नुसतं इंजिन ऐकू आलं.
तो म्हणाला, दोन वाचली म्हणजे खूप, आई.
मी म्हटलं, दीड.

आज सकाळी मच्छरदाणी काढली.
टोकांना तपकिरी धरू लागलंय,
नवीन चहाच्या गाळणीसारखं, पहिल्या आठवड्यातलं.
बोट लावू नको म्हणाला होता. लावलं नाही.
नुसतं पाण्यात धरलं, जवळ.
एक तंतू आला आणि चिकटला.
मग दुसरा.
सुटायला किती वेळ लागला
ते मोजलं नाही.

आठची ड्यूटी होती.
सव्वाआठला निघाले.