छातीपर्यंत पाणी

हनुवटी टेकवा, म्हणाल्या धामणे मॅडम.
निळा उजेड बुबुळाला टेकला
आणि आकडा आला: चौतीस.
मागच्या महिन्यात अठरा होता.

धरणातून किती क्युसेक सोडलं ते पेपरात येतं,
पण नाशकात पूर विचारायचा तो दुतोंड्याला.
कंबरेला लागलं? छातीपर्यंत?
मी म्हटलं, मॅडम, आकडा राहू द्या,
मारुतीच्या कुठवर आलंय ते सांगा.
त्या हसल्या नाहीत.

डोळ्यात पाणी रोज तयार होतं, म्हणाल्या,
रोज एका बारीक जाळीतून निघून जातं.
जाळी तुंबलीय.
ज्या थेंबांनी परकं बुबुळ शरीराला पटवायचं
त्याच थेंबांनी.
बंद करावेत तर शरीर ते बाहेर काढेल,
चालू ठेवावेत तर मागची नस सुकेल.
कुमुदिनीने विचारलं, म्हणजे नेमकं करायचं काय?
मॅडमनी चिठ्ठीवर तिसरी बाटली लिहिली.

एकतीस वर्षं नोट प्रेसात तपासणीला होतो.
शीट उजेडाकडे धरायची,
शाई सरकली, रेघ तुटली, की खूण करून बाजूला.
रिजेक्ट, म्हणायचो,
चहात साखर कमी म्हणावं तसं.
आता तोच शब्द मॅडम हळू आवाजात उच्चारतात
आणि मी चिठ्ठीची घडी घालत बसतो.

सकाळ सगळ्यात वाईट.
रात्रभर मिटलेल्या पापणीखाली काच सुजते,
कुमुदिनी दिसते ती
भाताच्या झाकणावरच्या वाफेतून.
दहापर्यंत निवळतं जरा.
रात्री बिटकोच्या सिग्नलला
लाल कडं, मग हिरवं.

सोळा टाक्यांनी शिवलेला हा गोल कुणाचा
ते सांगत नाहीत.
फाइल उलटी ठेवलेली, तेव्हा वाचलं एकदा,
सवयच ती: वय बावीस.
बावीस वर्षांच्या कुणीतरी
नऊ महिने माझ्यासोबत
लाइटबिलं वाचली,
नातीच्या वहीतली शुद्धलेखनाची चूक पकडली.
आणि आता माझंच रक्त
दारात उभं राहून विचारतंय, तू कोण?

परतताना रिक्षा गंगेवरून घ्यायला लावली.
वाट वाकडी, कुमुदिनी कुरकुरली.
दिसतो का गं?
दिसतो. कोरडा आहे. पायाशी कुणी चादरी वाळत घातल्यात.
मी चांगला डोळा तळहाताने झाकला.
पांढरं सगळं.
त्यात एक उभं, थोडं जास्त गडद.

असेल.
कुमुदिनी घड्याळ बघते,
म्हणते, साडेपाचचा थेंब राहिलाय.
पुलावरच, रिक्षा थांबवून,
मी मान मागे टाकतो.