आठशे मीटर

हिमायत बागेत आठशे मीटर म्हणजे
फाटकापासून जुन्या चिंचेला वळसा,
तिथून कोरड्या हौदापर्यंत, आणि परत.
ही मोजणी मिताने स्वतःच्या पावलांनी केली.
मी नंतर गाडीच्या काट्यावर ताडून पाहिली,
चाळीस मीटरचा फरक निघाला.
तिनं तिचंच खरं धरलं.

मी वाळूजची तिसरी पाळी उरकून थेट येतो,
अंगाला मशीनच्या तेलाचा वास.
ती येते घरून, पहिल्या रिक्षानं.
दिल्ली दरवाजाशी आम्ही भेटतो
आणि एकमेकांना विचारतो,
जेवलास का. झोपलीस का.
मग ती ओढणी, चपला, मोबाइल
माझ्या हवाली करते
आणि मी एक खुंटी होतो,
घड्याळ धरलेली खुंटी.

भरतीच्या मैदानाला जे हवंय
ते तिच्यापासून अजून नऊ सेकंद लांब आहे.
नऊ सेकंद म्हणजे काय
ते मला चांगलं ठाऊक आहे:
आमच्या प्रेसखालून एवढ्यात तीन पत्रे निघतात.

खरं सांगायचं तर बाग म्हणावी असं
इथं फार दिसत नाही.
आंब्यांच्या ओळी, बुंध्यांना चुना,
रोपांवर काळी जाळी,
आणि एक जुनी भिंत, बादशाही वेळची म्हणे,
तिच्यावर कुणीतरी बदाम कोरलाय
आणि बाण शेजारच्या विटेत घुसलाय.
जमिनीखालून खापराचे नळ जातात असंही म्हणतात,
डोंगरातलं पाणी शहरात आणणारे.
आता आणत नसतील.
किंवा आणतही असतील,
आपण कुठं उकरून पाहिलंय.

मकदूमचाचा तीस वर्षं इथं रोजंदारीवर.
कलमं बांधतात.
पहिल्या दिवशी मला म्हणाले,
"क्या साब, पोरी कू भगारे क्या?"
मी दचकलोच.
मग दोघंही हसत बसलो,
ती चिंचेला वळसा घालून येईपर्यंत.

आज चाचांनी हाक मारली, "इधर आव."
रायवळ आंब्याचं कोवळं रोप,
त्याला एक तिरपा काप.
दुसरी काडी, तिलाही तसाच काप, जाडी तेवढीच.
"साल को साल लगना," म्हणाले,
"बाकी झाडां आपस में देख लेते."
पट्टी गुंडाळताना मला धरायला सांगितलं.
मी धरलं.
अठ्ठावीस वर्षं लोखंड धरलेल्या हाताला
एवढं हलकं काही धरताना
घाम फुटतो, हे मला नवीन होतं.

मागून धापा ऐकू आल्या.
"पप्पा, किती?"
घड्याळावर चार शून्यं, सरळ रांगेत,
सकाळच्या हजेरीला उभी असल्यासारखी.
"तीन-चार," मी म्हणालो.
कालचाच आकडा, जरा पुसून दिला.

ती माझ्या अंगठ्याकडे बघत होती.
त्याला चीक लागला होता, त्यावर माती,
बटण दाबलेल्या अंगठ्याला
असं काही लागत नाही.

मला वाटलं आता रागावेल.
तिच्या आईसारखी, न बोलता,
चपला एका हातात घेऊन चालू लागेल.

"पप्पा," ती म्हणाली, "मी पण थांबले होते.
हौदात मुंगसाची पिल्लं आहेत. तीन.
किती वेळ बघत बसले, काय माहीत."

आता काय करायचं?
उन्हं चिंचेच्या शेंड्याला आली होती.
चाचा दुसऱ्या रोपाकडे सरकले होते,
आमच्याकडे पाठ करून, मुद्दाम की काय.
मी घड्याळ खिशात टाकलं,
तिनं चपला घातल्या नाहीत,
आणि आम्ही हौदाकडे निघालो, चालत,
चालताना तिचा श्वास हळूहळू
माझ्या श्वासाच्या चालीवर आला.

हौदाच्या काठाशी पालथे पडून
आम्ही दोघांनी खाली पाहिलं.
मी मोजली. चार भरली.
एक फटीत होतं, नुसतं नाक बाहेर.
तिनं तिचंच खरं धरलं.